21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा

कैकाडी माणूस यवतमाळचा असेल तर अनुसूचित जातीत गणला जातो. साताऱ्याचा असेल तर विमुक्त जातीत. जात एकच, भाषा एकच, टोपल्या विणणारे हात तेच. मात्र महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘कैकाडी’ या नावापुढे विदर्भातील जिल्ह्यांचे बंधन आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुका त्यातूनही वगळलेला आहे, कारण तो पूर्वी निजामाच्या राज्यात होता. 1976 च्या कायद्याने अशी अनेक क्षेत्रबंधने उठली. हे तसेच राहिले.

यादीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आम्हा बौद्धांना वेगळे सांगावे लागत नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलती मिळण्यास 1990 साल उजाडले. हर्नडनमधील आमच्यापैकी अनेकांच्या शिक्षणाची वाट त्या एका दुरुस्तीने मोकळी केली.

भटक्या-विमुक्तांची वाट अजून अडलेली आहे. 1871 च्या कायद्याने त्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. राज्यघटनेने अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती मानल्या. ‘विमुक्त’ हा प्रवर्ग केंद्रात आजही नाही. महाराष्ट्र राज्य विमुक्तांना 3 टक्के आणि भटक्या जमाती (ब) यांना 2.5 टक्के आरक्षण देते, पण दिल्लीच्या दारात त्यांपैकी बहुतेकांना इतर मागासवर्गीयांच्या मोठ्या रांगेत उभे राहावे लागते. इदाते आयोगाला तर देशभरात अडीचशेहून अधिक समाज असे आढळले, की ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही.

यादीत नाव असले तरी दाखला मिळतोच असे नाही. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याचा आजा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरला, त्याने कोणत्या तलाठ्याकडे जावे? पालाला सातबारा नसतो. शाळेच्या दप्तरात पहिले नाव बहुधा नातवाचेच असते. भटकणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्याकडे मुक्कामाचा पुरावा मागणारा हा नियम आम्हांस क्रूर वाटतो.

कागद नसलेला माणूस गावाला परकाच वाटतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले.

हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. मुंबई इलाख्याच्या स्टार्ट समितीवर स्वतः बाबासाहेब होते, आणि त्या समितीने 1930 च्या अहवालात भटक्या जमातींचाही विचार केला होता. ‘उपरा’कार लक्ष्मण माने यांनी 2007 साली महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांच्या धम्मदीक्षेचा सोहळा घडविला, तो याच नात्याने.

आता 2027 च्या जनगणनेत जात नोंदविली जाणार आहे. सर्व जातींची अशी मोजणी यापूर्वी 1931 साली झाली होती. भटक्या-विमुक्तांच्या संघटना त्यात स्वतंत्र रकाना मागत आहेत. आमच्या वर्गणीचा आणि लेखणीचा काही वाटा या मागणीसाठी, तसेच तालुक्याच्या कचेरीत दाखल्याचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी यंदा राखून ठेवावा, असे आम्ही सुचवितो.