सुट्टीत आजारी पडलो, मग सुट्टी कुठे गेली?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे 'अं… म्हणजे… काय म्हणतात ते' झालं, ते काढून टाकलंय. बाकी गप्पा त्याच आहेत.

आजचा विषय परदेशात नोकरी करणाऱ्या आणि वर्षातून एकदा घरी येणाऱ्या लोकांसाठी आहे. मी जर्मनीत म्युनिकला असतो, त्यामुळे नियम तिथले सांगणार. माझं स्वतःचं नुकसान झालं म्हणूनच हा विषय घेतलाय, हे आधीच सांगून टाकतो.

काय झालं होतं

दिवाळीसाठी मी, बायको आणि आमची दोन वर्षांची मुलगी साताऱ्याला गेलो. पंधरा दिवसांची रजा, म्हणजे तीन आठवडे. पहिला आठवडा मस्त गेला. दुसऱ्या रविवारी रात्री मला थंडी वाजून ताप आला. टेस्ट केली, डेंग्यू! प्लेटलेट्स उतरायला लागल्यावर गुरुवारी ॲडमिट केलं, रविवारी घरी सोडलं. लक्ष्मीपूजन सलाईनच्या बाटलीकडे बघत झालं. पुढचे तीन दिवस जिना चढायचीही ताकद नव्हती. म्हणजे रजेतले आठ कामाचे दिवस आजारपणात गेले.

मी काय केलं? काहीच नाही. म्हटलं, रजेवर तर आहोतच, ऑफिसला कशाला कळवायचं? आपल्याला सवयच असते ना, 'नशीब, सुट्टीतच आजारी पडलो' असं म्हणायची.

डिसेंबरमध्ये आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखतंय, अँजिओप्लास्टी करायचीय. माझ्या खात्यात रजा होती दोन दिवसांची. बिनपगारी रजा मागता आली असती, पण रिलीज तोंडावर, व्हिसा नोकरीवर अवलंबून, विचारायची हिंमत झाली नाही. गुरुवारी रात्री निघालो आणि सोमवारी परत फिरलो. बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा मी मुंबईच्या वाटेवर टॅक्सीत होतो. आई फोनवर म्हणाली, "तू आलास हेच खूप झालं रे." मला ते अजून टोचतं.

जानेवारीत कॅन्टीनमध्ये एका जर्मन सहकाऱ्याला हे सांगत होतो. त्याने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "मग डेंग्यूचे दिवस परत नाही घेतलेस?"

नियम काय आहे

जर्मनीचा रजेचा कायदा 1963 चा आहे. त्याचं कलम 9 अगदी छोटं आहे: रजेवर असताना तुम्ही आजारी पडलात आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल, तर ते दिवस रजेत मोजायचे नाहीत. ते आजारपणाचे दिवस. रजा तुमच्या खात्यात परत जमा होते.

यामागचा विचार मला आवडला. रजा विश्रांतीसाठी असते. तापात पडून राहणं ही विश्रांती नाही. त्यामुळे दोन्हींचा हिशोब वेगळा. आजारपणात पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, त्यामुळे पगारही कापला जात नाही. युरोपियन युनियनच्या कोर्टानेही 2012 मध्ये स्पेनच्या एका केसमध्ये हेच तत्त्व मांडलं. ब्रिटनमध्येही रजेतलं आजारपण सिक लीव्ह म्हणून घेता येतं. अमेरिकेत मात्र अशा पगारी रजेचा देशभर लागू होणारा कायदाच नाही, तिथे बरंचसं कंपनीच्या पॉलिसीवर.

भारतात आजारी पडलात तर करायच्या गोष्टी

पहिली: लगेच कळवा. परदेशात आजारी पडल्यावर तीन गोष्टी कंपनीला सांगाव्या लागतात: तुम्ही काम करू शकत नाही, हे साधारण किती दिवस चालेल, आणि तुम्ही सध्या कुठल्या पत्त्यावर आहात. हो, साताऱ्याचा पत्तासुद्धा! सरकारी आरोग्य विमा असेल तर विमा संस्थेलाही कळवायचं. तापात टाईप होत नसेल तर घरच्या कुणाला तरी ईमेल करायला सांगा. परत आल्यावर 'आलो' हेही कळवायचं.

दुसरी: सर्टिफिकेटवर योग्य वाक्य हवं. माझी गाडी इथेच अडली. जानेवारीत मी एचआरला डिस्चार्ज कार्ड पाठवलं. त्यावर 'डेंग्यू फिव्हर' होतं, ॲडमिट आणि डिस्चार्जच्या तारखा होत्या. एचआरने गुरुवार-शुक्रवार असे दोन दिवस परत दिले. उरलेल्या सहा दिवसांना नकार, कारण 'ही व्यक्ती काम करण्यास असमर्थ होती' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. जर्मनीत आजारी असणं आणि कामासाठी असमर्थ असणं या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा: 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामासाठी अनफिट' असं लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी द्या. तेही त्याच वेळी. दोन महिन्यांनी मागची तारीख टाकून मागू नका. आमच्या डॉक्टरांनी मला नाही म्हटलं, आणि बरोबरच केलं.

तिसरी: कागद स्वतः पाठवा. जर्मनीत 2023 पासून सरकारी विमा असलेल्यांचं सर्टिफिकेट डॉक्टरकडून ऑनलाईन विमा संस्थेकडे जातं आणि कंपनी ते तिथून घेते. साताऱ्याचे डॉक्टर त्या सिस्टीममध्ये नाहीत. फोटो काढून लगेच ईमेल करा, मूळ कागद जपून ठेवा.

इथे गैरसमज होतात

एक, परत मिळालेले दिवस लगेच पुढे जोडून मुक्काम वाढवता येत नाही. ठरलेल्या तारखेला बरे असाल तर कामावर हजर. ते दिवस नंतर, नव्याने मंजूर करून घ्यायचे.

दोन, हे फक्त तुमच्या स्वतःच्या आजारपणाला लागू. सुट्टीत मुलगी आजारी पडली तर या कलमाखाली रजा परत मिळत नाही.

तीन, रजा परत मिळाली म्हणजे हॉस्पिटलचं बिल मिळालं असं नाही. जर्मनीचा सरकारी विमा भारतातल्या उपचारांचा खर्च देत नाही. त्यासाठी प्रवासाचा वेगळा आरोग्य विमा लागतो. तो फार महाग नसतो, पण एका प्रवासाला किती दिवस चालतो ते तपासा. मी काढला नव्हता. ते बिल मीच भरलं.

आता मी काय करतो

तिकीट काढलं की त्याच दिवशी विमा. फोनमध्ये ईमेलचा ड्राफ्ट तयार, पत्त्यासकट, फक्त तारखा भरायच्या. तो बायकोच्या फोनमध्येही आहे, कारण आजारी मी असणार. आणि वर्षाच्या रजेतले पाच दिवस डिसेंबरपर्यंत हात न लावता ठेवतो. त्या दिवसांना आमच्या घरात 'बाबांचे दिवस' म्हणतात.

बाबा आता ठीक आहेत, रोज सकाळी फिरायला जातात. ते सहा दिवस मला परत मिळणार नाहीत. पण तुमच्यापैकी कुणी या दिवाळीला घरी जाऊन तापाने आडवं झालं, तर 'नशीब, सुट्टीतच आजारी पडलो' असं म्हणू नका. आधी ईमेल करा, मग पॅरासिटामॉल घ्या.

तुमच्या देशातला नियम वेगळा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर काळजी घ्या, भेटूच!