शर्यत बाराव्या वर्षीच सुरू होते

फॉर्म्युला वनमध्ये पुढचा भारतीय चालक कधी दिसणार, हा प्रश्न दर हंगामाच्या तोंडावर निघतोच. आजवर तिथे दोघेच पोहोचले : कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघाकडून आणि चेन्नईचा करुण चंढोक २०१० साली हिस्पानिया संघाकडून. २०१२च्या हंगामानंतर एकही भारतीय त्या शर्यतीत उतरलेला नाही. त्याची कारणे आपण बहुधा वरच्या टोकाला शोधतो. मोठे प्रायोजक मिळत नाहीत, संघ भारतीयांना संधी देत नाहीत, ग्रेटर नोएडाची शर्यत २०१३नंतर बंद पडली, वगैरे. हे सगळे खरे असले तरी वाट अडते ती बरीच खाली, मूल दहा ते पंधरा वर्षांचे असताना. त्या वयात त्याला तुल्यबळ मुलांच्या गर्दीत, आठवड्यामागून आठवडे गाडी चालवायला मिळाली की नाही, यावर पुढचे बहुतेक सारे ठरते.

हे पटण्यासाठी वर जाणाऱ्या पायऱ्या पाहायला हव्यात. सुरुवात कार्टिंगने होते. कार्टला स्प्रिंगचे सस्पेन्शन नसते. रस्त्याची पकड, ब्रेकचा दाब, वळणातले घसरणे सारे थेट मुलाच्या अंगाला कळते. पंधराव्या वर्षी फॉर्म्युला फोर, मग फॉर्म्युला थ्री आणि फॉर्म्युला टू. फॉर्म्युला वनचा परवाना, म्हणजे सुपर लायसन्स, मिळवायला एरवी वयाची अठरा वर्षे पूर्ण लागतात आणि तीन हंगामांत मिळून ४० गुण लागतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना प्रत्येकी ४० गुण मिळतात, फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्याला ३०, राष्ट्रीय फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला १२. सतरा वर्षांचा मॅक्स व्हर्स्टॅपन २०१५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला, त्यानंतर २०१६पासून हे नियम लागू झाले. थोडक्यात, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे तोवर मोठ्या यशांची नोंद असावी लागते. शिवाय फॉर्म्युला टूमध्ये सर्वांना एकाच बनावटीची गाडी मिळते आणि सरावाला जेमतेम ४५ मिनिटे. लगेच पात्रता फेरी. ज्याला त्या पाऊण तासात सर्किट ओळखून घ्यायचे आहे, तो तिथेच मागे पडतो.

मुंबईच्या जेहान दारूवालाची कारकीर्द या दृष्टीने पाहावी. फोर्स इंडिया संघाने २०११ साली देशभरातून तरुण चालक शोधण्याची मोहीम काढली, तीत निवडलेल्या तिघांपैकी तो एक. वय तेराच्या आसपास. पुढचे कार्टिंग त्याने इंग्लंड-युरोपात केले, फॉर्म्युला रेनोमार्गे युरोपीय फॉर्म्युला थ्री गाठली आणि २०१९ साली प्रेमा संघाकडून नव्या फॉर्म्युला थ्री मालिकेत तिसरा आला. रेड बुलने त्याला आपल्या युवा चालकांत घेतले. २०२० साली साखीरला तो फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. २०२२ साली त्याने मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी चाचणीत चालवली. तरीही फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. २०२४ साली तो मासेरातीकडून फॉर्म्युला ईमध्ये उतरला. पण इतक्या वर पोहोचण्यामागे तेराव्या वर्षीच युरोपात मिळालेला तो प्रवेश होता, हे विसरता येत नाही. बंगळुरूचा कुश मैनी २०२५ साली मोनाकोत फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकला. त्यानेही कोवळ्या वयातच युरोपची वाट धरली होती.

मग युरोप हीच अट आहे का? इथे जेहानच्याच सहकाऱ्याचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. जपानचा युकी त्सुनोदा २०१९ साली फॉर्म्युला थ्रीमध्ये नववा आला, म्हणजे जेहानच्या बराच मागे. २०२० साली दोघे कार्लिन संघात, एकाच बनावटीच्या गाड्यांत होते; त्सुनोदा तिसरा आला, जेहान बारावा. २०२१ साली त्सुनोदा फॉर्म्युला वनमध्ये होता. दोघांच्या वैयक्तिक कौशल्यातला, संघाशी जुळण्यातला फरक नाकारण्याचे कारण नाही. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : त्सुनोदा युरोपात शर्यती करायला आला तोच २०१९ साली. त्याआधीचे सारे शिक्षण जपानमध्ये झाले. देशातले कार्टिंग, सुझुकाची शाळा, होंडाचे पाठबळ आणि २०१८ सालचे जपानी फॉर्म्युला फोरचे विजेतेपद ही त्याची शिदोरी. जिथे घरीच चुरस मिळते तिथला मुलगा घरूनच तयार होऊन येतो. जिथे ती मिळत नाही तिथल्या कुटुंबाला ती युरोपात जाऊन विकत घ्यावी लागते. भारत अजून दुसऱ्या गटात आहे.

यावर पहिला आक्षेप लुईस हॅमिल्टनचा. सामान्य घरातला मुलगा, वडिलांनी अनेक नोकऱ्या केल्या, तरी तो सात वेळा जगज्जेता झाला. मग पायाभरणीचे एवढे काय? पण मॅक्लारेनने १९९८ साली त्याला हाताशी धरले, तेव्हा तो ब्रिटिश कार्टिंगमध्ये आधीच नाव कमावून बसला होता. त्याला दिसण्यासाठी आधी एक मैदान होते. दुसरा आक्षेप असा, की पैसा असला की जागा विकत मिळतेच. एके काळी यात बरेच तथ्य होते. आता गुणांची अट आडवी येते. पैशाने थेट जागा मिळत नाही. पैशाने मिळतो तो गुण कमावण्यासाठी लागणारा वेळ. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च वीस कोटी रुपयांच्या पुढे जातो, असा या क्षेत्रातला सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे अट बदलली, तरी गरीब घरातल्या मुलाचा रस्ता सोपा झालेला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पाया कितीही भक्कम केला, तरी वरच्या जागा मोजक्याच. २०२५पर्यंत त्या वीस होत्या. कॅडिलॅकच्या प्रवेशाने २०२६पासून बावीस झाल्या. २०२१चा फॉर्म्युला टू विजेता ऑस्कर पियास्त्री पुढचे अख्खे वर्ष राखीव चालक म्हणून बसून होता. २०२२चा विजेता फेलिपे द्रुगोविच आणि २०२३चा विजेता थेओ पूर्शेर यांना तर विजेतेपदानंतर संघात कायमची जागाच मिळाली नाही. त्यात विजेत्याला पुन्हा फॉर्म्युला टूमध्ये उतरता येत नाही. हे मान्य करायलाच हवे. म्हणूनच एक भारतीय नाव फॉर्म्युला वनच्या यादीत झळकणे, हे यशाचे मोजमाप होऊ शकत नाही. फॉर्म्युला ई किंवा ल माँसारख्या सहनशक्तीच्या शर्यती हीही व्यावसायिक कारकीर्दच आहे, आणि तिथे पोहोचायलाही बारा-तेरा वर्षांच्या वयातली तीच मेहनत लागते.

उरतो प्रश्न, श्रीमंतांच्या खेळासाठी एवढा खटाटोप का? सरकारने एखाद्या चालकाचा फॉर्म्युला टूचा खर्च उचलावा, असे कोणी म्हणत नाही. कार्टिंगच्या पायरीवर लागणारा पैसा त्या मानाने फार थोडा आहे, आणि तिथला पाया विस्तारला की चालकांबरोबर मेकॅनिक, इंजिनिअर, मार्शल, पंच हेही घडतात. पुणे-चाकणसारखा मोटार उद्योगाचा पट्टा असलेल्या महाराष्ट्राला हे परके नाही. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरचे कारी ही सर्किटे कितीतरी वर्षे चालू आहेत, आणि २०२३पासून भारतात फॉर्म्युला फोरची मालिकाही होते. २०२४ साली तिची शर्यत चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीच्या झोतात झाली. या सुट्या कड्या जोडणे हेच आता काम आहे : स्वस्त कार्टिंग, दरवर्षी ठरलेले वेळापत्रक, आणि जिंकणाऱ्याला आपोआप पुढच्या पायरीवर जागा. पुढचा भारतीय चालक कधी, याऐवजी यंदा किती मुलांनी पूर्ण हंगाम कार्टिंग केले, हा प्रश्न विचारायला हवा. तो आकडा वाढत गेला, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर वेगळे शोधावे लागणार नाही. आणि तो वाढला नाही, तर एखाद्या श्रीमंत कुटुंबाच्या जिद्दीवर दहा-पंधरा वर्षांतून एकदा आशा लावून बसणे एवढेच आपल्या हाती राहील.