जेथे दिवेलागण होत नाही

आमच्या घरी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला नाही असा एकही दिवस माझ्या स्मरणात नाही. बुऱ्हाणपुरात तापीच्या राजघाटापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे, आणि गेली साठ वर्षे तो दिवा माझी आत्या लावीत आली आहे. म्हणूनच, गेल्या ज्येष्ठात नॉर्वेच्या किनाऱ्याने चौदा दिवसांच्या जलप्रवासास जाण्याचे निश्चित होऊन पासपोर्ट, व्हिसा, लोकरीचे कपडे, औषधे अशा सगळ्या बाबी एकामागून एक निकालात निघाल्या, तेव्हा शहात्तर वर्षांच्या आत्याने जो एकच प्रश्न मला विचारला तो असा : "तिकडे दिवस मावळतच नाही म्हणतात, मग दिवा कधी लावायचा रे?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. परंतु तो प्रश्न बरोबर घेऊन गेल्यामुळेच उत्तरेकडील त्या समुद्रात मी जे पाहिले ते केवळ सहल म्हणून पाहिले नाही, आणि म्हणून तो अनुभव वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

या प्रश्नाचा विचार मराठी माणसाने पूर्वीच, आणि फार खोलवर, केलेला आहे. लोकमान्य टिळकांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज्' हा ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीत माणसाचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र असे सांगितले आहे, आणि उत्तरायण हा त्यांचा दिवस व दक्षिणायन ही रात्र, हे आपल्या पंचांगाच्या परिचयातले आहे. तैत्तिरीय संहितेत तीस भगिनी उषांचा उल्लेख येतो, आणि ऋग्वेदातील उषासूक्तांत पहिला उजेड व सूर्योदय यांच्यामध्ये कित्येक दिवस गेल्याचे वर्णन आढळते. ही वर्णने आपल्या अक्षांशावर, जेथे पहाट तास-दीड तासात उरकते, तेथे रचली गेली असणे शक्य नाही, असा टिळकांचा युक्तिवाद होता आणि त्यावरून आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवप्रदेशी असल्याचे त्यांनी अनुमान केले. हे अनुमान आज विद्वान स्वीकारीत नाहीत. तरीही ध्रुवप्रदेशाचे कधी दर्शनही न घडलेल्या माणसाने केवळ ग्रंथ आणि गणित यांच्या बळावर तेथल्या आकाशाचे इतके यथातथ्य चित्र उभे करावे, याचे मला अपार कौतुक वाटते. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन ते तुरुंगात असताना मॅक्सम्युल्लर यांनी त्यांना ऋग्वेदाची आपली आवृत्ती पाठविली होती, आणि ती वाचण्यासाठी रात्री काही तास कोठडीत दिवा जवळ ठेवण्याची सरकारने मुभा दिली होती, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. ते वाक्य मी जहाजाच्या खोलीत, रात्री अकरा वाजता, खिडकीतून येणाऱ्या लख्ख उन्हात वाचले.

बुऱ्हाणपुराहून भुसावळमार्गे मुंबई, आणि तेथून विमानाने डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, असा आत्याचा व माझा मार्ग होता. तेथील धक्क्यावर उभे असलेले जहाज प्रथमदर्शनी जहाज वाटतच नाही. चौदा-पंधरा मजल्यांची एक वसाहत पाण्यावर आणून ठेवली आहे असा भास होतो. सरबराईचे वर्णन लांबविण्याची मला इच्छा नाही, कारण त्याची माहिती प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांतून कोणालाही मिळते. खोली दिवसातून दोनदा आवरली जाते, भोजनगृह पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालू असते, आणि शाकाहारी मंडळींसाठी वरण-भाताची तजवीज आधी कळविल्यास होते, एवढे सांगितले की पुरे. गरम पाण्याच्या कुंडात बसून समोरचा बर्फाच्छादित डोंगर पाहताना मात्र मला आमच्या शाही किल्ल्यातील हम्माम आणि त्याच्या छतावरचे रंगीत चित्रकाम आठवले. पाण्याजवळ वास्तव्य करून त्या पाण्याचा उपभोग घ्यावा ही ऐश्वर्याची कल्पना तीनशे-चारशे वर्षांपूर्वी तापीकाठी राहणाऱ्या मोगलांना पूर्ण अवगत होती.

एक गोष्ट मी मुद्दाम विचारून घेतली. हजारो माणसांच्या स्नानपानाला लागणारे गोडे पाणी येते कोठून? बहुतेक पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून तयार करतात. याला यंत्रे लागतात आणि इंधन लागते. आमच्या गावाबाहेर १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत धरून, शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्यांच्या ओळीतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. कुंडी भंडारा नावाच्या त्या योजनेला ना यंत्र लागले ना इंधन. हे मी जहाजावरच्या एका तरुण अभियंत्याला सांगितले तेव्हा त्याने कागद पुढे करून मला त्याची आकृती काढायला लावली, आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला.

तिसऱ्या दिवशी पहाटे जहाज गैरांगर फ्योर्डाच्या दिशेने आत वळले. फ्योर्ड म्हणजे खाडी, असे आपण भाषांतर करतो ते अपुरे आहे. कोकणातली खाडी नदीने घडविलेली असते, तर हे समुद्राचे हात हिमनद्यांनी कोरलेले आहेत. हिमयुगात हजारो फूट जाडीचे बर्फ डोंगरातून सरकत, खडक खरवडत समुद्राकडे उतरले, आणि बर्फ वितळल्यावर त्या खोल चरात समुद्र शिरला. बर्फाचा जोर मुखाशी ओसरलेला असल्याने तेथे तळाचा उंबरठा तेवढा उंच राहतो आणि आतला भाग मात्र विलक्षण खोल असतो. सोग्ने फ्योर्ड दोनशे किलोमीटरांहून लांब आणि १३०० मीटर खोल आहे. कडे पाण्याखालीही तसेच सरळ उतरत गेलेले असल्यामुळे एवढे प्रचंड जहाज कड्याच्या इतक्या निकट जाऊ शकते की धबधब्याचे तुषार आपल्या चष्म्यावर येतात.

आत शिरण्यापूर्वी एक लहानशी होडी जहाजाच्या अंगाला येऊन भिडली, आणि तीतून एक गृहस्थ दोरशिडीने वर चढून आला. हा त्या पाण्याचा वाटाड्या. त्या किनाऱ्यावर मोठ्या जहाजांना स्थानिक वाटाड्या घेणे कायद्याने आवश्यक आहे, आणि जहाजाचा कप्तान कितीही अनुभवी असला तरी तेथल्या पाण्याबाबत वाटाड्याचा सल्ला तो शिरोधार्य मानतो. गैरांगरच्या दोन्ही बाजूंना, पाण्यापासून शेकडो फूट उंच, कड्याच्या कंगोऱ्यावर जुनी ओसाड शेतघरे दिसतात. तेथे माणसे राहत, शेळ्या पाळीत, आणि लहान मुले कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवीत असे सांगतात. स्कागेफ्लो नावाच्या घराची कथा अशी की करवसुली करणारा अधिकारी येताना दिसला की वरची मंडळी शिडी ओढून घेत. आत्याने ती घरे दुर्बिणीतून बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "या बायकांनी पाणी कुठून भरलं असेल?" माझ्या मनात तोवर हा प्रश्न आला नव्हता.

आता सूर्याविषयी. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे साडेसहासष्ट अंश अक्षांशाच्या उत्तरेस उन्हाळ्यात सूर्य काही काळ मावळत नाही. जसजसे उत्तरेस जावे तसतसा हा काळ वाढतो. ट्रोम्सो शहरी तो सुमारे दोन महिने असतो, नॉर्थ केपला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, आणि प्रत्यक्ष ध्रुवावर सहा महिने. आपल्या पंचांगातला देवांचा दिवस तो हाच. ट्रोम्सो सोडून जहाज उत्तरेस निघाले त्या रात्री आत्याला घेऊन मी सर्वांत वरच्या डेकवर गेलो. हवा बोचरी होती. परंतु इतक्या उत्तरेस असूनही ही बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत, कारण मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेल्या उष्ण प्रवाहाची शाखा या किनाऱ्याने वर जाते. मध्यरात्री सूर्य नेमका उत्तरेस, क्षितिजापासून जेमतेम चार अंशांवर, तांबूस-सोनेरी, स्थिर वाटावा असा होता. तो खाली आला, क्षितिजाला न शिवता आडवा सरकला, आणि पुन्हा वर चढू लागला.

तेवढ्यात आत्याने आपल्या सावलीकडे बोट दाखविले. ती सावली दक्षिणेकडे पडली होती आणि तिच्या उंचीच्या चौदा पट लांब होऊन डेकच्या पार टोकापर्यंत गेली होती. बुऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, एकवीस अंशांच्या किंचित वर, वसलेले असल्याने मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास असे दोन दिवस आमच्याकडे येतात की भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखाली नाहीशी होते. जहाजावर येण्यापूर्वी जेमतेम तीन आठवडे आधी आम्ही अंगणात पाट्याजवळ उभे राहून तसे पाहिले होते. सूर्य तोच, माणूस तेच. पन्नास अंशांच्या अंतराने एवढा फरक पडला होता. भूगोल शिकविणाऱ्या कोणत्याही शिक्षकाने यापेक्षा उत्तम पाठ दिलेला मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नॉर्थ केपला उतरलो, आणि तेथे दाट धुक्याशिवाय काही दिसले नाही. ३०७ मीटर उंचीचा तो कडा, त्यावरचा लोखंडी पृथ्वीगोल आणि पलीकडे शुभ्र शून्य. अनेक प्रवासी खट्टू झाले. मला मात्र त्या जागेचा इतिहासच पुरेसा होता. १५५३ साली पूर्वेकडच्या देशांना उत्तरेच्या समुद्रातून वाट सापडते का हे शोधण्यास इंग्लंडहून तीन जहाजे निघाली. त्यांतील दोन जहाजांची माणसे लॅपलंडच्या थंडीत गारठून प्राणास मुकली, आणि तिसऱ्यावरचा रिचर्ड चॅन्सलर हा कडा ओलांडून रशियाला पोहोचला. पूर्वेची वाट या बाजूने मिळाली नाही. शेवटी आफ्रिकेला वळसा घालूनच इंग्रज आले, आणि १६१५ च्या नोव्हेंबरात त्यांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगिराच्या दरबारी जाताना बुऱ्हाणपुरात येऊन शाहजादा परवीझ यांना भेटला. ज्या वाटेचा शोध त्या कड्यापाशी अयशस्वी झाला, तिचे दुसरे टोक आमच्या गावात होते. धुक्यात उभे राहून मी आत्याला हे सांगितले.

आणि दिव्याचे? जहाजावर ज्योत पेटविण्यास सक्त मनाई असते, मेणबत्तीसुद्धा चालत नाही, आणि समुद्रात अग्नीचे भय किती मोठे आहे हे जाणणारा कोणीही या नियमाला नावे ठेवणार नाही. आत्याने स्वतःच तोडगा काढला. बुऱ्हाणपुरात त्या दिवसांत सूर्य सातच्या पुढे दहा मिनिटांनी मावळतो, आणि नॉर्वेचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. म्हणून रोज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, सगळे प्रवासी चहाच्या दालनात जमलेले असताना, ती खोलीतल्या छोट्या मेजावर निरंजनात फुलवात ठेवी, ती न पेटविता हात जोडी आणि शुभंकरोती म्हणे. त्याच क्षणी इकडे घरी तिची सून खरा दिवा लावीत असे.

परतीच्या वाटेवर गैरांगरविषयी एक गोष्ट कळली ती येथे नोंदविली पाहिजे. हा फ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. जहाजांच्या धुराने त्या अरुंद दरीतील हवा दूषित होत असल्याने नॉर्वेच्या संसदेने २०१८ साली ठराव केला, आणि त्याप्रमाणे १ जानेवारी २०२६ पासून दहा हजार टनांखालील प्रवासी जहाजांना त्या वारसा-फ्योर्डांत धूर सोडता येत नाही. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे. ज्या प्रवाशांमुळे गावाला उत्पन्न मिळते त्यांच्यावरच एवढी कडक अट घालण्यास निर्धार लागतो. तो निर्धार आपल्या तापीबाबत आपण अद्याप दाखविलेला नाही. राजघाटाच्या पायऱ्यांवर निर्माल्य आणि प्लास्टिक साचते, कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्या दुर्लक्षित पडल्या आहेत, आणि पैलतीरावरचा आहुखाना, जेथे १६३१ साली मुमताजमहलचा देह प्रथम दफन झाला, तो पाहण्यास येणाऱ्या पाहुण्याला वाट विचारीत जावे लागते. उत्तरेचा समुद्र पाहण्यास ज्यांना जाता येईल त्यांनी जूनमध्ये जावे आणि जाण्यापूर्वी टिळकांचा ग्रंथ अवश्य चाळावा. ज्यांना जाता येणार नाही त्यांनी आपल्या गावच्या घाटाची एक पायरी तरी स्वच्छ ठेवावी, एवढी माझी विनंती आहे.

आम्ही घरी परतलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी आषाढ शुद्ध सप्तमी, तापीचा जन्मोत्सव, आला. आत्याने जहाजावरची ती न पेटलेली फुलवात तुपात भिजवून द्रोणात ठेवली आणि राजघाटावर जाऊन नदीत सोडली. त्या दिवशी बुऱ्हाणपुरात सूर्य सातच्या पुढे दहा मिनिटांनी मावळला.