फोर बाय फोर पिकअप चिखलातून निघते, मग फरशीवरच्या वाहत्या पाण्यातून का नाही?

पावसाळा लागला की मोबाईलवर असे व्हिडिओ हमखास फिरतात. उंच, चार दरवाजांची पिकअप गाडी नदीत शिरते, पाणी बोनेटला टेकतं आणि गाडी डुलत डुलत पलीकडच्या काठाला लागते. खाली कोणीतरी लिहिलेलं असतं, 'हिला रस्ता लागतच नाही'. गाडी बहुतेक वेळा टोयोटाची हायलक्स नाहीतर इसुझूची व्ही-क्रॉस असते. दोन्ही गाड्या आता आपल्याकडच्या रस्त्यांवर दिसतात. द्राक्ष-डाळिंबाचे पैसे हातात आले की काही घरांत त्यांची चर्चाही होते. तीस लाखांच्या आसपासची ही वस्तू नेमकं काय करू शकते आणि कुठे हात टेकते, हे घेणाऱ्यानेही आणि नुसतं बघणाऱ्यानेही समजून घेतलेलं बरं.

या गाड्या ज्या कामासाठी नावाजल्या त्याला बाहेरच्या देशांत 'ओव्हरलँडिंग' म्हणतात. शब्द ऑस्ट्रेलियातला. तिथे पूर्वी गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्यांना ओव्हरलँडर म्हणायचे. आपल्याकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि परत येतात, तसाच काहीसा प्रकार. आता त्याचा अर्थ झालाय गाडीतच पाणी, डिझेल, शिधा, तंबू भरायचा आणि रस्ता नसलेल्या मुलखात आठ-पंधरा दिवस हिंडायचं. अमेरिकेत तर कंपन्या अशी तयार पिकअप थेट कारखान्यातून विकतात. टोयोटाच्या टॅकोमाचं ट्रेलहंटर मॉडेल आणि शेवरलेच्या कोलोरॅडोचं झेडआर-२ ही त्यातली दोन नावं. त्या गाड्या आपल्याकडे मिळत नाहीत. आपल्याकडे मिळते ती हायलक्स. १९६८ साली जपानमध्ये सुरू झालेली ही गाडी वाळवंटात आणि बर्फात चालून नाव कमावून बसली आहे. १९८७ मध्ये चाड या आफ्रिकी देशाच्या सैन्याने लिबियाच्या फौजेला टोयोटाच्या पिकअपवरून हरवलं, म्हणून त्या लढाईचं नावच 'टोयोटा युद्ध' पडलं.

आता तिच्या अंगात काय आहे ते बघू. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यातलं निम्मं आधीच माहीत असतं.

साध्या पिकअपला इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. त्यातलं एक चाक चिखलात घसरलं की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते आणि दुसरं चाक टणक जमिनीवर असूनही नुसतं उभं राहतं. डिफरन्शियलचा स्वभावच तसा, ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला फिरवायचं. ट्रॅक्टर रुतला की आपण डिफ लॉकच्या पेडलवर पाय देतो, दोन्ही मागची चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर निघतो. हायलक्समध्ये हेच काम डॅशबोर्डवरचं एक बटण करतं. शिवाय पुढच्या दोन चाकांनाही ताकद जाते. म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चार चाकं आणि चारही चालवणारी.

दुसरी गोष्ट लो गिअर. ट्रॅक्टरला हाय-लो असतं तसंच इथेही आहे. लो टाकला की गाडी साधारण अडीचपट हळू होते आणि चाकांवरचा जोर तितकाच वाढतो. २.८ लिटरचं डिझेल इंजिन आधीच तगडं आहे, ऑटोमॅटिक गाडीत ५०० न्यूटन-मीटर आणि हाताच्या गिअरमध्ये ४२० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. पण खडकाळ घाटात कामाला येतो तो हा लो गिअर. उतारावर तर जास्तच. लोमध्ये पहिला गिअर टाकून ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी इंजिनाच्या दमावर सावकाश उतरते. ओल्या मुरमाच्या उतारावर ब्रेक दाबून चाकं जाम केली की गाडी आडवी होते, हे ज्याने एकदा अनुभवलं त्याला वेगळं सांगायला नको.

एक इशारा मात्र शोरूमवाले घाईत सांगायचे विसरतात. ही फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायची नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि या गाडीत तो फरक जिरवायची सोय पुढच्या-मागच्या चाकांमध्ये नाही. मातीत चाक थोडं घसरून फरक निघून जातो. डांबरावर तो निघत नाही, गाडी अडकल्यासारखी चालते आणि शाफ्ट-गिअरवर ताण येतो. डिफ लॉक लावून वळू नये, हा ट्रॅक्टरचा नियम इथेही तोच.

लांबी हा या गाडीचा अडचणीचा भाग. हायलक्स ५३२५ मिलिमीटर लांब, म्हणजे साडेसतरा फूट. फॉर्च्युनरपेक्षाही अर्ध्या मीटरने जास्त. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर ३०८५ मिलिमीटर, तर तीन दरवाजांच्या थारचं २४५०. बांध ओलांडताना हा फरक कळतो. पुढची चाकं बांधावरून उतरली की मधलं पोट बांधाला टेकतं. समोरून चढायला २९ अंशांचा आणि मागून उतरायला २६ अंशांचा कोन मिळतो, तो चांगला आहे. पण अरुंद पाणंदीत ही गाडी एका दमात वळत नाही.

आणि आपली काळी माती. परदेशातले व्हिडिओ बहुतेक वाळूतले, खडकातले, बर्फातले असतात. काळी रान ओली झाली की टायरला लेप बसतो, नक्षी भरून निघते आणि चारही टायर गुळगुळीत होतात. मग चाकं दोन असोत नाहीतर चार, सगळीच घसरतात. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला उंच आणि लांब अंतरावरचे गट्टू असतात, त्यांच्यातून माती झडते. पिकअपचे कंपनीचे टायर डांबरासाठी बनवलेले असतात. त्यामुळे पन्नास हजार, लाख रुपये खर्चायचेच असतील तर आधी टायरवर खर्चा, वरच्या दिव्यांच्या पट्टीवर नंतर. वाळूत टायरची हवा अर्ध्यापर्यंत कमी केली की टायर पसरतो आणि गाडी बुडत नाही. परत डांबरावर आलं की हवा भरायची, म्हणून पंप सोबत पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, पाणी. हायलक्स ७०० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांपेक्षा थोडं जास्त पाणी ओलांडू शकते, असं कंपनी सांगते. आकडा खरा आहे. पण तो साचलेल्या किंवा संथ पाण्यासाठी, टणक तळासाठी आणि माणसाच्या चालीइतक्या वेगासाठी समजायचा. पुराच्या फरशीसाठी नाही.

कारण साधं आहे. गाडीचं केबिन म्हणजे बंद डबा. पाणी त्याच्या तळाला लागलं की डबा वर उचलला जायला लागतो. केबिनचा तळ अंदाजे पाच चौरस मीटर धरला, तर पाणी तळाच्या वर दर दहा सेंटिमीटर चढल्यावर सुमारे ५०० किलोची उचल बसते. एक फूट चढलं की दीड टन. गाडीचं वजन दोन टनांच्या आसपास. म्हणजे चाकं जमिनीला धरून आहेत ती फक्त उरलेल्या पाच-सहाशे किलोंवर. अशा वेळी बाजूने वाहतं पाणी साडेसतरा फूट लांब पत्र्याला ढकलत असतं. चार चाकं फिरतात, पण जमिनीवर टेकतात किती? अमेरिकेचं हवामान खातं लोकांना सांगतं की दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, पिकअपसुद्धा. फोर बाय फोर, डिफ लॉक, लो गिअर ही सगळी अवजारं टायर जमिनीला चिकटलेला असेल तरच काम करतात. तरंगणाऱ्या गाडीला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

त्यात फरशीचा काठ पाण्याखाली दिसत नाही. पाणी गढूळ, मधला स्लॅब वाहून गेलाय का, कडेचा दगड आहे का गेला, हे वरून कळत नाही. अनुभवी ओव्हरलँडिंगवाले आधी एक माणूस काठी घेऊन चालत पाठवतात. तो गुडघ्यावर पाण्यात डळमळला तर गाडी घालत नाहीत. व्हिडिओत हा भाग कापलेला असतो.

साचलेल्या पाण्यातही इंजिनचा प्रश्न राहतोच. हवा घेणाऱ्या नळीतून पाणी आत गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून किंवा ओढून बाहेर काढा आणि मिस्त्रीला दाखवा. साध्या विम्यात इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचा जादा हप्ता वेगळा असतो. पॉलिसी घेताना तेवढं विचारून घ्या.

गाडी उंच करणं, मोठे टायर, लोखंडी बंपर, हे सगळं बाहेर चालतं. आपल्याकडे कंपनीने ठरवलेल्या रचनेबाहेर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची अडचण आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आरटीओला विचारल्याशिवाय हात घालू नका.

मग शेतकऱ्याला ही गाडी परवडते का? माल वाहायचा असेल तर नाही. टमाट्याची क्रेट आणि कांद्याच्या गोण्या वाहायला बोलेरो पिकअप कितीतरी जास्त वजन उचलते आणि किंमतही खूप कमी. फोर बाय फोरच हवी असेल तर बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धामध्येही तसं मॉडेल निघालेलं आहे, चौकशी करावी. हायलक्स घरच्या पाच माणसांना घेऊन वाईट रस्त्याने लांब जाण्यासाठी आहे, आणि त्या कामात ती खरंच दणकट आहे.

रुतलेली गाडी ओढतानाही जीव जातात, म्हणून एवढं ध्यानात ठेवा. साखळी बंपरला किंवा ॲक्सलला बांधू नका, चेसिसवरच्या हुकलाच बांधा. ट्रॅक्टरने झटका देऊ नका, साखळी ताणून घेऊन मग हळू ओढा. साखळी किंवा वायररोप तुटला तर चाबकासारखा मागे येतो, म्हणून मध्यावर ओलं पोतं किंवा घोंगडी टाका. बघायला जमलेल्या पोरांना साखळीच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा.