टाइलच्या सांध्यांत मुरणारे पाणी

खालच्या मजल्यावरचे शेजारी छतावरचा ओलसर डाग दाखवायला वर आले, की मिस्त्रीला फोन जातो. मिस्त्री बाथरूममधल्या टाइलच्या दर्जा खरवडतो, पांढरे सिमेंट पाण्यात कालवून बोटाने भरतो आणि फडके मारून निघतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत डाग आणखी वीतभर पसरलेला असतो. पोपडेही धरू लागतात.

पांढरे सिमेंट म्हणजे लोहाचा अंश अगदी कमी ठेवलेले साधे पोर्टलंड सिमेंट. त्याचा पाण्याशी संयोग झाला की ते दगडासारखे घट्ट होते. पण कालवताना घातलेले जास्तीचे पाणी या क्रियेत खपत नाही. ते उडून जाते आणि मागे अतिसूक्ष्म नलिकांचे जाळे उरते. पातळ कालवले तर छिद्रे जास्त. वाळू न घातलेले सिमेंट सुकताना आकसते, त्याला चिरा पडतात. कोरड्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. मिनिटभरात तो आत ओढला जाऊन तिथे गडद ठिपका उमटला, तर केशाकर्षण जोरात सुरू आहे असे समजावे.

त्यात आपल्याकडे ॲसिडने बाथरूम घासायची हौस. हायड्रोक्लोरिक आम्ल टाइलच्या झिलईला फारसे काही करत नाही, पण सिमेंटमधली कॅल्शियमची संयुगे विरघळवते. टाइल चकचकीत दिसते आणि सांधा पोखरला जातो. हेच ॲसिड ब्लीचमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा ही जोडी टाळलेलीच बरी.

सांध्यांवर कधी गुलाबी बुळबुळीत थर दिसतो. तो बऱ्याचदा सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचा असतो. साबणाच्या आणि त्वचेच्या अवशेषांवर त्याचे छान भागते. १८१९मध्ये इटलीत पादुआजवळ मक्याच्या पिठाचा पोलेंटा रक्तासारखा लाल होऊ लागला, तेव्हा लोकांना ही करणी वाटली. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधनिर्मात्याने हे सजीवाचे काम असल्याचे दाखवले आणि त्या सजीवाला सेराफिनो सेराती या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून नाव दिले. काळे ठिपके मात्र बुरशीचे.

खरी गोची कोपऱ्यात असते. भिंत आणि जमीन जिथे भेटतात किंवा टबची कड टाइलला टेकते, तिथले दोन भाग एका लयीत हलत नाहीत. बाथटबमध्ये दीडशे लिटर पाणी भरले की दीडशे किलोंचा भार पडतो, माणसाचे वजन वेगळेच. टब केसभर खाली बसतो आणि ताठ सिमेंट तडकते. अशा जागी सिमेंट भरणे म्हणजे मजुरी वाया घालवणे. तिथे सिलिकोनच हवे. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या लांब साखळ्यांमुळे ते ताणले जाते आणि परत येते. हवेतल्या बाष्पाशी संयोग होऊन ते बाहेरून आत घट्ट होत जाते. वरून सुकलेले दिसले तरी आत ओले असू शकते, म्हणून निदान एक दिवस नळ बंद ठेवावा. लावताना व्हिनेगरसारखा वास आला तर तो ॲसिटिक आम्लाचा. हा प्रकार संगमरवराला चालत नाही. जुन्या सिलिकोनवर नवे चिकटत नाही, त्यामुळे जुने पात्याने पूर्ण काढावे लागते. टब आधी पाण्याने भरून, फट पूर्ण उघडली की मगच ती बुजवावी.

सपाट सांध्यांसाठी इपॉक्सी ग्राउट उत्तम. राळ आणि हार्डनर मिसळून बनणाऱ्या या लगद्यात पाणी जवळपास शिरतच नाही. मात्र तो लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडाच कालवावा आणि टाइलवरचा थर लगेच पुसावा.

तरीही ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी अडवायचे काम टाइलखालच्या थराचे असते. म्हणून दर्जा खरवडण्याआधी बाथरूम दोन दिवस बंद ठेवून पाहावे. खालचा डाग तरीही वाढतच राहिला, तर नळाचा पाइप गळत असण्याची शक्यता मोठी. डाग सुकू लागला, तर नहाणी ट्रॅपला बोळा लावून जमिनीवर चोवीस तास पाणी तुंबवावे. ते खाली झिरपले, तर आतला थर किंवा ट्रॅपचा जोड गेला आहे आणि फरशी उखडण्यावाचून इलाज नाही.