दारातली मर्सिडीज

जुनी आलिशान मोटार इतकी स्वस्त का मिळते, हा प्रश्न मला खरेदीच्या आधी पडायला हवा होता. तो वर्षभरानं पडला. त्या वर्षाचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

जानेवारी 2020 मधली गोष्ट. सांगली-मिरज रस्त्यावर एका गॅरेजसमोर 1996 सालची पांढरी मर्सिडीज विकायला उभी होती. 'डब्ल्यू 124' म्हणून ओळखलं जाणारं हे मॉडेल जर्मनीत 1984 मध्ये आलं आणि 1995 पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात त्याची जोडणी होऊ लागली. तरुणपणी मिरजेत एका दवाखान्यासमोर अशी गाडी मी भर पावसात पाहिली होती. तिच्या काचेवर वायपर एकच. फिरता फिरता तो लांब होतो, पुन्हा आखडतो आणि काचेचे वरचे कोपरेही पुसून घेतो. मी भिजत बघत राहिलो होतो.

गॅरेजवाल्याला विचारलं, "वायपर चालतो का?" त्यानं काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. वायपर फिरला आणि मी एक लाख चाळीस हजारांना गाडी घेतली. घरी विचारलं नाही की मिस्त्रीला दाखवली नाही. पैसे दुसऱ्या कवितासंग्रहासाठी आणि गळक्या स्लॅबसाठी साठवलेले. बायकोनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अजी, हिच्यामुळं स्लॅब गळायचा थांबणार का?" अम्मी मात्र मागच्या सीटवर बसून खूश. "दिवाणखानाच आहे रे हा!"

पहिला धडा मिस्त्रींनी दिला. "शायरसाब, गाडीची किंमत उतरली, सामानाची नाही." महागडी गाडी जुनी झाली की तिला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव पडतो. पण तिचा रेडिएटर, तिच्या ब्रेकच्या चकत्या महागड्या गाडीच्याच राहतात. स्वस्ताई म्हणजे पुढच्या दुरुस्तीची आधीच वजा झालेली रक्कम.

दुसरा धडा रबराचा. लोखंड टिकतं, रबर उन्हानं, उष्णतेनं, हवेतल्या ओझोननं कडक होऊन तडकतं. बुश, होजपाइप, ऑइल सील, टायर, सगळं वयानंच जातं, मग गाडी कमी धावलेली असली तरी. दोन महिन्यांत माझे अडुसष्ट हजार गेले.

तिसरा धडा टाळेबंदीनं शिकवला. 25 मार्च 2020 पासून गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. मला वाटलं, जपली जातेय. पण उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. मग ते कमी तापमानालाच उकळतं आणि ऐन वेळी ब्रेक मऊ पडतो. पेट्रोल शिळं होतं. इंजिनाच्या उबदार कोपऱ्यात उंदरांनी संसार थाटला आणि वायरी कुरतडल्या.

जुलैत एका रात्री अम्मीला दम लागला. मी किल्ली फिरवली. 'टक' असा आवाज आला आणि गाडी गप्प. शेजाऱ्यानं भाजीचा तीनचाकी टेम्पो काढला. पोत्यांवर गोधडी टाकून अम्मीला दवाखान्यात नेलं. वेळेत पोचलो. नवव्या दिवशी ती घरी आली. ताडपत्रीकडे बघून एवढंच म्हणाली, "गाडी चांगलीच आहे बेटा, पण टेम्पो चालू होता."

दोष गाडीचा नव्हता. चोवीस वर्षांच्या यंत्राला दर आठवड्याला फिरवावं लागतं. मी तिला झाकून ठेवलं.

कायद्याचंही पाहावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढं दर 5 वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याचं 600 रुपये शुल्क एप्रिल 2022 मध्ये 5,000 झालं. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते ती 50 वर्षांवरच्या गाडीला. म्हणजे माझ्या गाडीला हा मान 2046 नंतर. तोवर मीच विंटेज झालेला असेन!

नूतनीकरणाची तारीख जवळ आली तेव्हा, जानेवारी 2021 मध्ये, ती नव्वद हजारांना विकली. निव्वळ तोटा एक लाख अठरा हजार. स्लॅब त्यानंतर दोन पावसाळे गळला.

तुम्हाला असा मोह झाला तर आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. जेवढी किंमत द्याल तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. आणि दारात दुसरं चालू वाहन असू द्या.

गाडी घ्यायला आलेला तरुण स्वतःच मिस्त्री होता. त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला, खाली वाकून बुश तपासले, ब्रेक ऑइलचा रंग पाहिला. वायपर चालवून बघायचं त्याच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा मला खात्री पटली की गाडी योग्य माणसाकडे चालली आहे.