कोरियात मास्तरकी

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतले एक शेजारी संध्याकाळचे आमच्याकडे आले. त्यांची केळीची आणि फुलांची वाडी आहे. बरोबर थोरली मुलगी होती. मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाली आहे. बी.एड.ही पास झाली आहे. तिच्या हातात एक छापील कागद होता. त्यावर लिहिले होते, कोरियात खाजगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवा, राहायला खोली फुकट, पगार भरपूर. खाली दलालाचा फोन नंबर.

शेजारी म्हणाले, "गुरुजी, हा माणूस दोन लाख मागतो. म्हणतो, आधी फिरायला म्हणून जायचं, तिकडे पोचल्यावर नोकरीचे कागद करून देतो. वाडीचा एक तुकडा गहाण टाकावा, असं माझ्या मनात आहे. तुमचं काय म्हणणं?"

आम्ही म्हणालो, "आठ दिवस थांबा. चौकशी करू."

आम्ही स्वतः काही कोरियाला गेलेलो नाही. पण आमचा एक जुना विद्यार्थी तिकडे चार वर्षे राहून आला आहे. त्याला विचारले. सरकारी पत्रके मिळवली, ती वाचली. जे कळले ते इथे सांगतो. कारण असले कागद हल्ली गावोगाव फिरतात.

आधी कोरिया कुठे ते पाहू. आपल्या पूर्वेला चीन. चीनच्या पलीकडे समुद्रात जिभेसारखी जमीन पुढे आली आहे, तो कोरिया. त्याच्या पुढे समुद्र ओलांडला की जपान. १९४५ नंतर या देशाचे दोन तुकडे झाले, उत्तर आणि दक्षिण. आपण बोलतो आहोत ते दक्षिण कोरियाबद्दल. मुंबईहून तो सुमारे साडेपाच हजार किलोमीटर दूर. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे साडेनऊ झालेले असतात.

तिकडच्या लोकांना इंग्रजीचे फार वेड. मुलगा शाळेतून सुटला की क्लासला जातो, रात्री उशिरा घरी येतो. नोव्हेंबर महिन्यात कॉलेजात जाण्याची मोठी परीक्षा असते. त्यात इंग्रजी ऐकून उत्तरे लिहायची असतात. त्या वेळी मुलांना आवाजाचा त्रास नको म्हणून देशभर अर्धा तासभर विमाने उडू देत नाहीत की उतरू देत नाहीत. आमच्या शाळेत परीक्षेच्या वेळी शेजारचा लग्नाचा बँड बंद करवता करवता आमची दमछाक होत असे, ते आठवले.

आता मुद्द्याचे. तिकडे इंग्रजी शिकवायला कोणीही जाऊ शकतो का? नाही. खाजगी क्लासमध्ये बोलीची इंग्रजी शिकवण्याचा परवाना त्यांचे सरकार सात देशांच्या माणसांना देते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यात आपले नाव नाही. आपले इंग्रजी कितीही चांगले असो, नियम तो नियम. आम्हांला हा नियम पटत नाही, पण आम्हांला कोण विचारतो!

मात्र एक दार उघडे आहे. भारत आणि कोरिया यांच्यात व्यापाराचा एक करार झाला. तो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्या करारात भारतीय माणसाला तिकडच्या शाळेत इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक होण्याची सोय केली आहे. त्याला पदवी लागते, आणि इंग्रजी शिकवण्याची शिक्षकाची सनद लागते. नोकरी फक्त शाळेत. क्लासमध्ये नाही.

म्हणजे पाहा. मुलीची लायकी खरी होती, पण दलालाचा कागद खोटा होता. त्याने क्लासमधली नोकरी देऊ केली होती, ती आपल्या माणसाला मिळतच नाही. आणि फिरायला म्हणून जाऊन तिकडे काम करणे हा गुन्हा आहे. पकडले तर परत पाठवतात, पुन्हा येऊ देत नाहीत. गहाण पडलेला वाडीचा तुकडा मग कोण सोडवणार?

शेजाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मुलीने मात्र विचारले, "सर, शाळेत जागा मिळाली तर तिकडे दिवस कसा जातो?"

आमच्या विद्यार्थ्याने सांगितले तेच तिला सांगितले. शाळेचे वर्ष मार्चमध्ये सुरू होते. शाळेच्या दाराशी चपला-बूट काढायचे आणि आतल्या वेगळ्या सपाता घालायच्या. पोरे कमरेत वाकून नमस्कार करतात. शिक्षकाला नावाने हाक मारीत नाहीत. 'सॉन्सेंग' म्हणजे मास्तर. त्याला पुढे 'निम' जोडतात. आपण गुरु म्हणून वर 'जी' लावतो ना, तसेच. थोरामोठ्यांना वस्तू देताना-घेताना दोन्ही हात पुढे करतात. वर्गात कोरियन शिक्षक बरोबर असतो. परदेशी शिक्षकाला सरकारी शाळेत आठवड्याला साधारण २२ तास शिकवावे लागते. बाकीचा वेळ धड्याची तयारी.

दुपारी शिक्षक आणि मुले शाळेतच जेवतात. भात, पातळ रस्सा, आणि किमची. किमची म्हणजे कोबीच्या जातीची भाजी मीठ-मिरची लावून आंबवलेली. आपल्या लोणच्यासारखी ती रोज पानात हवीच. पण तिच्यात बहुतेक वेळा मासळीचा रस घालतात. माळकरी माणसाने हे आधीच लक्षात ठेवावे. आपल्या वसईकराला मासळीचे काय भय! त्याची पंचाईत होते ती धातूच्या दोन काड्यांनी जेवताना.

थंडी मात्र कडक. पाणी गोठते, बर्फ पडते. पण घरे उबदार. पूर्वी चुलीचा धूर आणि ऊन हवा जमिनीखालून नेत असत. आता जमिनीखाली नळ्या असतात, त्यांतून गरम पाणी फिरते. माणसे त्या उबदार जमिनीवरच बसतात, निजतात.

सगळ्यात अवघड काय? विद्यार्थी म्हणाला, एकटेपण. शाळेत इंग्रजी बोलायची, पण बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये सगळीकडे कोरियन. म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यांची अक्षरे शिकावी. ती सोपी आहेत. सेजोंग नावाचा त्यांचा एक राजा होऊन गेला. तोवर तिकडे चिनी अक्षरे चालत, हजारोंनी. ती शिकायला वर्षे लागत, गरिबाला ते कुठले परवडणार? राजाने सामान्य लोकांसाठी नवी अक्षरे करविली आणि १४४६ साली जाहीर केली. आज त्यांत २४ अक्षरे आहेत. मोठ्या लोकांना तेव्हा ती आवडली नाहीत. पण शेवटी तीच टिकली. वाचकहो, तुम्हीही नुकतीच अक्षरे गिरवली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. प्रौढांना लिहा-वाचायला शिकवणाऱ्यांना युनेस्को या राजाच्या नावाने बक्षीस देते. २००९ साली ते उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या बायका चालवीत असलेल्या 'खबर लहरिया' या वर्तमानपत्राला मिळाले.

इतके ऐकल्यावर शेजारी म्हणाले, "ते सगळं खरं गुरुजी. पण इतक्या लांब, परक्या बोलीत, आपल्या वसईचं कुणी कधी राहिलंय का?"

आम्ही म्हणालो, "अहो, रोज गासवरून जाता ना? तिथलं देऊळ कोणाच्या नावाचं?"

गासचे देऊळ संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे आहे. त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात जेजुइट पाद्र्यांजवळ ते शिकले. पंधरा-सोळा वर्षांचे असताना पाद्र्यांबरोबर जहाजातून जपानला गेले. कोरियाच्या अगदी शेजारचा देश. तिथे त्यांनी जपानी बोली अशी शिकून घेतली की लोकांत मिसळून धर्म शिकवू लागले. आठ वर्षे त्यांनी हे काम केले. पाद्र्यांच्या संघात घ्यावे अशी त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला. त्यातही ती बोलीच कामाला आली. पुढे फिलिपिन्समधल्या मनिला शहरी ते फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश सुभेदाराने जपानला वकील पाठवले. वकिलांना जपानी येत नव्हती. दुभाषा म्हणून गेले ते गोन्सालो. तेव्हा जपानची सत्ता हिदेयोशीच्या हातात होती. त्याने आदल्या वर्षीच कोरियावर फौज धाडली होती. ज्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यातून ती फौज निघाली, तिथेच त्याने या मंडळींची भेट घेतली. वसईच्या मुलाने त्याच्यासमोर उभे राहून दोन्हीकडचे बोलणे समजावले. नंतर क्योटो शहरात या बंधूंनी रोग्यांसाठी दवाखाना चालवला.

"मग पुढे?" मुलीने विचारले.

पुढचे सांगणे भाग होते. १५९६ साली एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटले. हे पाद्री म्हणजे परक्या राजाचे पुढे आलेले पाय, असा हिदेयोशीला संशय आला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर मारले. त्यांत गोन्सालो होते. वय चाळिशीचे. १८६२ साली पोपनी त्यांना संत ठरवले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

शेजारी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही धीर देताय की घाबरवताय?"

आम्हांलाही हसू आले. आम्ही म्हणालो, "तो काळ गेला. आता परवाना असतो, करार असतो, तिकडे आपली वकिलात आहे. पण बाय, तिथली बोली शिकल्यावाचून त्यांचं चाललं नाही, तुझंही चालणार नाही."

दलालाला नकार कळवला. मुलीने पदवीचा दाखला, बी.एड.चा दाखला आणि पोलिसांचा दाखला गोळा करायला घेतला आहे. त्यांवर आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. जागा निघाली की शाळेकडे सरळ अर्ज करायचा, असे ठरले आहे. तो जाहिरातीचा कागद आमच्याकडेच राहिला होता. परवा ती येऊन घेऊन गेली. मागची बाजू कोरी आहे, अक्षरे गिरवायला होईल म्हणाली.